लहान भाऊ पाय लांब करायची सर्जरी करायची म्हणतोय, कुणाला खरा अनुभव किंवा माहिती आहे का?

मीनल_कराड:
नमस्कार. बरेच दिवस मनात होतं, आज लिहितेच. माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे, हिंजवडीला आयटीत आहे, उंची ५ फूट ३ इंच म्हणजे १६० सेमी. तब्येतीने ठणठणीत, सायकलिंग करतो, काहीही आजार नाही. दिवाळीला घरी आला तेव्हा मला एकटीला बाजूला घेऊन म्हणाला की ताई मी उंची वाढवायचं ऑपरेशन करणारे. मला वाटलं ते टीव्हीवरच्या पावडरीसारखं काहीतरी असेल, पण नाही, मांडीचं हाड मुद्दाम कापून त्यात रॉड घालून रोज थोडं थोडं लांब करतात असं म्हणे. इस्तंबूलच्या एका क्लिनिकशी त्याचं व्हॉट्सॲपवर बोलणं चालू आहे, ते म्हणतात ८ सेमी वाढेल, हॉटेल फिजिओ सगळं पॅकेजमध्ये, आणि तीन महिन्यांत कामावर परत. पर्सनल लोन काढायची तयारी आहे त्याची. आई-बाबांना सांगायचं नाही, ऑनसाइटला चाललोय असं सांगणार.

कारण विचाराल तर लग्न. दोन ठिकाणी सगळं जुळलं आणि उंचीवरून नकार आला, एका ठिकाणी तर मुलीच्या मामांनी तोंडावर सांगितलं. पण नुसतं तेवढंच नाही, शाळेत असल्यापासून रांगेत पहिला उभा राहायचा, ते सगळं त्याच्या आत साठलंय, हे मला त्या दिवशी कळलं. मी त्याला वेड्यात काढणार नाहीये. मला एवढंच हवंय की त्याने सगळं माहीत करून घेऊन ठरवावं. हे खरंच होतं का, नंतर माणूस नीट चालतो का, धोका किती, आणि घरी सांगावं का? प्लीज ज्यांना माहिती आहे त्यांनीच सांगा, "देवाने दिलंय त्यात समाधान मान" असलं नको, ते त्याने आयुष्यभर ऐकलंय.

वऱ्हाडी_फिजिओ:
मीनलताई, मी नागपूरला फिजिओ आहे, हाड लांब केलेले पेशंट हाताखालून गेलेत. बहुतेकांचा एक पाय आखूड होता, अपघातामुळे किंवा जन्मापासून, पण दोन जण निव्वळ उंचीसाठी केलेलेही होते. म्हणून जे पाहिलं तेच सांगते.

सर्जरी म्हणजे ऑपरेशन थिएटरमधले ते काही तास, असं सगळ्यांना वाटतं. तसं नाहीये हो. हाड कापलं की पाच-सात दिवस थांबतात, मग रोज साधारण १ मिलिमीटर ओढतात, तेही एकदम नाही, पाव पाव मिलिमीटर चार वेळा. मधल्या फटीत नवीन हाड तयार होत जातं आणि ते खरंच होतं, शरीराची कमालच आहे ती. पण हाड वाढतं त्या वेगाने स्नायू, नस, कातडी वाढत नाही. त्यांना फक्त ताण बसतो. पोटरीचं हाड लांब केलं तर टाचेची मोठी शीर आखडते आणि पाऊल खाली झुकतं, टाच जमिनीला टेकतच नाही, माणूस चवड्यावर उभा. मांडीचं केलं तर गुडघा वाकेनासा होतो, मांडीच्या बाहेरची पट्टी ताणून दोरीसारखी कडक होते, आणि पेशंट कंबर मागे काढून बदकासारखा चालायला लागतो. हे टाळायला दिवसातून अनेक वेळा स्ट्रेचिंग, रोज, दुखत असताना, झोप झालेली नसताना. रात्री नसेच्या कळा येतात त्याने झोप लागत नाही हे जवळजवळ प्रत्येक जण सांगतो.

माझ्याकडे आलेला एक मुलगा (उंचीसाठीच केलेलं, दुसऱ्या राज्यात) लांबवणं सुरू असताना फिजिओला कंटाळला, महिनाभर गेलाच नाही. माझ्याकडे आला तेव्हा दोन्ही टाचा इतक्या वर की उभं राहता येत नव्हतं. शेवटी टाचेची शीर कापून लांब करायचं वेगळं ऑपरेशन झालं. आता चालतो बरा, पण उकिडवा बसता येत नाही. आपल्याकडे उकिडवं बसणं, मांडी घालणं, गावाकडचा संडास, देवळात नमस्कार, हे सगळं गुडघ्यावर आणि घोट्यावरच आहे. तिकडच्या क्लिनिकच्या व्हिडिओत माणूस सरळ चालताना दाखवतात, जमिनीवर बसून उठताना कुणी दाखवत नाही. भावाला सांगा, क्लिनिकला तोच व्हिडिओ मागायला.

दुसरा जो होता त्याने ५ सेमीवर थांबवलं, आई सोबत राहिली, फिजिओ एक दिवस चुकवला नाही, तो आज छान आहे आणि त्याला पश्चात्ताप नाही. म्हणजे होतच नाही असं मी म्हणणार नाही. पण त्याच्यासोबत माणूस होतं, हे फार महत्त्वाचं. टॉयलेटला जायलासुद्धा मदत लागते सुरुवातीला. परदेशात हॉटेलच्या खोलीत एकटा हे कसं करणार?

सतीश_बार्शी:
माझं उंचीसाठी नव्हतं, पण या सगळ्यातून मी गेलोय म्हणून लिहितो. सोलापूर रोडला ॲक्सिडेंट झाला, नडगीचं हाड बाहेर आलं, नंतर पू झाला, सडलेला तुकडा काढून टाकला आणि मग रिंग बसवली, तेच ते इलिझारोव्ह. पायाभोवती लोखंडी कड्या आणि त्यातून बारीक तारा आरपार हाडातून. कापलेल्या हाडाचा तुकडा हळूहळू सरकवत मधली जागा भरून काढायची असं डॉक्टरांनी ठरवलं. पाना घेऊन नट रोज चार वेळा पाव पाव फेरा फिरवायचा, ते काम माझी बायको करायची कारण मला स्वतःला बघवायचं नाही.

तारा जिथे कातडीतून आत जातात तिथून पाणी यायचं, कधी पू यायचा, रोज सलाइनने साफ करायचं, जरा दुर्लक्ष झालं की ताप. पँट घालता यायची नाही, बाजूने उसवून नाड्या लावून घेतल्या. रात्री कूस बदलली तर कडी दुसऱ्या पायाला लागायची. आणि सगळ्यात जड काय गेलं तर वाट बघणं. लांबवणं संपलं की लोकांना वाटतं झालं, पण ते नवीन हाड कापसासारखं मऊ असतं, ते पक्कं होईपर्यंत कडी काढत नाहीत, आणि तो काळ लांबवायला लागला त्याच्यापेक्षा बराच जास्त होता. एक्सरे बघून डॉक्टर म्हणायचे अजून थोडं थांबू, आणि घरी येऊन मी भिंतीकडे तोंड करून पडायचो.

ज्याने हे शोधलं तो इलिझारोव्ह सायबेरियात कुर्गान नावाच्या गावात डॉक्टर होता, महायुद्धातून परतलेल्या जायबंदी लोकांवर इलाज करायचा. रशियाचा उंच उडीवाला ब्रुमेल, १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकचा सुवर्णपदकवाला, त्याचा पाय मोटरसायकल अपघातात गेल्यासारखाच झाला होता, कित्येक ऑपरेशनं फेल गेली आणि शेवटी याच माणसाने जोडला, नंतर तो परत दोन मीटरवर उडी मारायला लागला. हे मी हॉस्पिटलात पडल्या पडल्या वाचलं आणि त्यावर दिवस काढले. माझा पाय वाचला, त्या माणसाचे उपकार मानतो. पण ताई, माझ्याकडे दुसरा रस्ता नव्हता, पाय कापायचा का ठेवायचा हा प्रश्न होता. चांगल्या दोन पायांना स्वतःहून हे करायचं, तेही दोन्ही एकदम, हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला, खरं सांगतो. भावाला माझ्याशी बोलायचं असेल तर मी बोलेन, पायाचे व्रणही दाखवीन.

डॉ_ऑर्थो_पुणे:
वरच्या दोघांनी जे लिहिलंय ते अगदी बरोबर आहे, मी फक्त आकडे आणि तांत्रिक भाग घालतो.

मीनल, आधी त्या क्लिनिकचं गणितच बघू. ८ सेमी म्हणजे ८० मिलिमीटर. रोज १ मिलिमीटर धरलं तरी नुसतं लांबवायलाच ८० दिवस, म्हणजे तीन महिने तिथेच जवळजवळ संपले, आणि त्यानंतर हाड पक्कं व्हायचं. ढोबळ हिशेब असा की वाढवलेल्या प्रत्येक सेंटिमीटरमागे हाड पूर्ण भरून यायला सगळं मिळून एक ते दीड महिना धरावा. म्हणजे ८ सेमीला आठ महिने ते वर्ष. घरून लॅपटॉपवर काम तीन महिन्यांनी जमेलही, पण "कामावर परत" म्हणजे हिंजवडीच्या बसमध्ये उभं राहून जाणं असा अर्थ तुझा भाऊ घेत असेल तर तो चुकीचा आहे. शिवाय मूळ हाडाच्या लांबीच्या २० टक्क्यांच्या जवळ गेलं की गुंतागुंत झपाट्याने वाढते. ५ फूट ३ च्या माणसाच्या मांडीच्या हाडात ८ सेमी म्हणजे आपण त्याच सीमेवर उभे आहोत. बहुतेक जबाबदार सर्जन एका हाडात ५ सेमीच्या आसपास थांबा म्हणतात.

पद्धती साधारण तीन. बाहेरची फ्रेम म्हणजे सतीशरावांची ती. फ्रेम आणि आत साधी नेल (हाडाच्या पोकळीत बसवायचा रॉड) अशी मिश्र, ज्यात फ्रेम लवकर निघते. आणि पूर्ण आतली, जिच्यात नेलच्या आत चुंबक आणि गिअर असतो आणि बाहेरून मांडीवर एक मशीन धरलं की ती लांब होते. ही चुंबकवाली प्रिसाइस नेल, अमेरिकेत २०११ ला मान्यता मिळाली. कातडीतून तारा येत नाहीत त्यामुळे पू वगैरेचा त्रास खूप कमी, पण टायटॅनियमची आहे, हाड भरेपर्यंत दोन्ही पायांवर पूर्ण भार देता येत नाही, म्हणजे व्हीलचेअर आणि वॉकर. ती आत असेपर्यंत एमआरआय करता येत नाही, आणि वर्ष-दोन वर्षांनी काढायला परत ऑपरेशन. लगेच भार देता यावा म्हणून स्टीलची स्ट्राइड नावाची नेल आली होती, उंचीवाल्यांमध्ये तिचं फार कौतुक झालं, पण नेलचे दोन भाग जिथे जुळतात तिथल्या हाडात बदल दिसायला लागले आणि २०२१ मध्ये कंपनीने ती बाजारातून मागे घेतली. म्हणून कुणी "नवीन नेल आहे, दुसऱ्या दिवशी चाला" म्हणालं तर नेलचं नाव, कंपनी, आणि ती किती वर्षं वापरात आहे हे लेखी घ्यायचं.

धोके: हाड न जुळणं, वेळेआधीच जुळणं (मग परत कापावं लागतं), हाड वाकडं भरणं, नस दुखावून पाऊल लुळं पडणं, पायात रक्ताची गाठ. आणि एक गोष्ट क्लिनिकवाले क्वचितच सांगतात. दोन्ही मांड्यांच्या हाडांच्या पोकळीत एकाच दिवशी नेल घालताना आतली चरबी रक्तात जाऊन फुप्फुसात अडकू शकते, फॅट एम्बोलिझम म्हणतात. कमी वेळा होतं, पण झालं तर जीव जाऊ शकतो. काळजी म्हणून आधी हाडाला छोटी भोकं पाडतात, काही सर्जन दोन पाय वेगवेगळ्या दिवशी करतात. चांगला धडधाकट पोरगा, आणि हा धोका. मी स्वतः निव्वळ उंचीसाठी करत नाही, ते माझं मत झालं, पण करणाऱ्या प्रत्येकाला मी चोर म्हणणार नाही.

पैशाचं: अमेरिकेत हे ७० हजार डॉलरच्या वर जातं म्हणून लोक तुर्कस्तानात किंवा भारतात येतात. आपल्या मेडिक्लेममध्ये कॉस्मेटिक सर्जरी बसत नाही, आणि नंतर काही बिघडलं तर त्याचा खर्चही खिशातून जाणार असं धरूनच चाला. पॅकेजच्या रकमेत दुसऱ्या ऑपरेशनचे, नेल काढायचे आणि वर्षभराच्या फिजिओचे पैसे बहुतेकदा नसतात. परत आल्यावर इथला सर्जन दुसऱ्याच्या केसला हात लावायला का कू करतो, हेही खरं आहे.

चीनमध्ये तर नोकरी-कॉलेजच्या उंचीच्या अटींमुळे हे इतकं वाढलं आणि इतक्या जणांचे पाय बिघडले की २००६ ला सरकारने निव्वळ सौंदर्यासाठी हे करायलाच बंदी घातली. आणि घरी न सांगण्याबद्दल: २०१६ ला हैदराबादला एका तरुण इंजिनिअरने आई-वडिलांना न सांगता हे करून घेतलं होतं, तेही चांगला ५ फूट ७ असताना, वडिलांना हॉस्पिटलात जाऊन कळलं, प्रकरण मेडिकल कौन्सिलपर्यंत गेलं. कायद्याने २६ वर्षांच्या माणसाला कुणाची परवानगी लागत नाही. पण एक वर्ष कोण सांभाळणार हा प्रश्न परवानगीचा नाहीये.

भरती_१६४:
सर मधेच विचारतो, माझी उंची १६४ आहे आणि पोलीस भरतीला पुरुषांना १६५ लागते. एका सेंटिमीटरसाठी दोन वर्षं बाद होतोय. १-२ सेमीच वाढवायचं असेल तर धोका कमी असेल ना?

डॉ_ऑर्थो_पुणे:
भाऊ, तुझी तळमळ समजते, पण नाही. १ सेमी केलं काय आणि ५ केलं काय, दोन्ही पायांची हाडं कापावीच लागतात, नेल घालावीच लागते, एम्बोलिझमचा धोका तोच. आणि भरतीत उंचीनंतर १६०० मीटर धावायचं आहे, १०० मीटर आहे, गोळाफेक आहे, मग मेडिकल आहे. तिथे पायावरचे व्रण दिसणार आणि एक्सरे काढला तर नेल दिसणार. यावर वय आणि पैसा घालवू नको. आत्ता करता येण्यासारखं एकच, सकाळी माणूस संध्याकाळपेक्षा जवळपास एक सेमी उंच असतो कारण दिवसभरात मणक्यातल्या गाद्या दबतात. मोजणी ज्या दिवशी आहे त्या दिवशी पहाटे रांगेत तासन् तास उभा राहू नको, शक्य तेवढा आडवा पडून राहा, मोजताना टाचा भिंतीला आणि पाठ ताठ. आणि ज्या पदांना उंचीची अट नाही त्यांचे फॉर्म सोबत भर.

आणि कुणीही उंचीच्या पावडरी-गोळ्या घेऊ नका. विशीनंतर हाडांच्या टोकाच्या वाढीच्या चकत्या बंद झालेल्या असतात, गोळीने उंची वाढत नाही. उंची वाढवायच्या औषधांची जाहिरात करणं १९५४ च्या कायद्यानेच गुन्हा आहे, तरी एसटी स्टँडच्या भिंतीभर असतात.

दत्ता_सांगली:
मी ५ फूट २ आहे, वय ४१, लग्न झालंय, दोन मुलं आहेत. मीनल, तू भावाला वेड्यात काढत नाहीस हे वाचून बरं वाटलं. "उंचीने काय होतंय" असं त्याला कुणी सांगू नका, कारण होतं. स्थळ बघताना बायोडाटात उंचीचा रकाना नावानंतर लगेच वाचला जातो, आणि नकार येतो तेव्हा पत्रिकेचं कारण सांगतात पण आपल्याला कळतं. मला सात-आठ वर्षं हे चाललं. त्या काळात हे ऑपरेशन मला परवडण्यासारखं असतं तर मी केलं असतं का? बहुतेक हो. म्हणून मी त्याला नको म्हणायला बसलो नाहीये.

पण मला एक विचारायचंय त्याला. लग्नासाठी करतोय ना, मग मुलीला सांगणार का? मांडीवर आणि नितंबावर व्रण राहणार, वर्ष-दोन वर्षांनी नेल काढायला परत ॲडमिट, ते लपत नाही. न सांगता लग्न केलं तर पहिल्याच वर्षी घरात संशय. आणि सांगितलं तर जी मुलगी हे ऐकून हो म्हणेल, ती ५ फूट ३ ला पण हो म्हणाली असती असं मला मनापासून वाटतं. माझ्या बायकोने मला बघायच्या कार्यक्रमात सरळ विचारलं होतं, तुम्हाला उंचीवरून कुणी बोललं तर तुम्ही चिडता का. मी म्हटलं पूर्वी चिडायचो. तेवढ्यावरच ठरलं आमचं.

दुसरं, ते शाळेपासून साठलेलं. ते ८ सेमीने जातं का हे नक्की नाही. माझ्या ओळखीत एक ५ फूट ६ चा आहे, तोही स्वतःला बुटकाच म्हणतो आणि टाच उंच बूट घालतो. भावाने आधी एखाद्या चांगल्या सायकॉलॉजिस्टकडे चार-पाच वेळा जावं, ऑपरेशन रद्द करायला म्हणून नाही, तर आपल्याला नक्की काय हवंय ते कळायला. नंतरही करायचं वाटलं तर कर म्हणावं, पण घरच्यांना सांगून.

मीनल_कराड:
सगळ्यांचे खूप खूप आभार, किती मनापासून लिहिलंय तुम्ही. काल रात्री भावाला सगळं वाचायला पाठवलं. आधी चिडला की घरातली गोष्ट बाहेर का सांगितलीस, मग तासाभराने फोन आला. सतीशदादांचं वाचून गप्प झाला होता. पण त्याचा एक मुद्दा आहे, तो म्हणतो यूट्यूबवर सर्जरी केलेले लोक पळताना दिसतात, मग हे सगळे खोटं बोलतायत का. आणि त्याला पुण्यातच कुणाला तरी एकदा दाखवायचंय, तेव्हा काय काय विचारू? अजून एक, तो सिगारेट ओढतो, दिवसाला सात-आठ. त्याने काही फरक पडतो का?

वऱ्हाडी_फिजिओ:
खोटं नाही बोलत गं ते. ज्यांचं चांगलं झालं ते व्हिडिओ टाकतात. ज्याचा घोटा आखडला तो तोंड लपवून माझ्यासारखीकडे येतो, तो चॅनेल काढत नाही. काही क्लिनिक व्हिडिओच्या बदल्यात फी कमी करतात असंही पेशंटच सांगतात. त्याला म्हणावं, दोन वर्षं झालेला पेशंट गाठ, आणि त्याला विचार की जमिनीवर बसून हात न टेकता उठतोस का, थंडीत दुखतं का, जिना उतरताना कसं वाटतं.

डॉ_ऑर्थो_पुणे:
सिगारेटने फार फरक पडतो. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, नवीन हाड भरायला उशीर होतो, कधी भरतच नाही. कोणताही नीट सर्जन सिगारेट चालू असताना हे करणार नाही, आणि जो त्याबद्दल विचारणारसुद्धा नाही त्याच्याकडून तर करूच नये. त्या क्लिनिकने व्हॉट्सॲपवर हे विचारलं होतं का, ते भावाला विचार.

दाखवायला जाल तेव्हा अशा सर्जनकडे जा जो हाडाचं वाकडेपण आणि आखूडपण दुरुस्त करायचं काम नेहमी करतो, नुसता कॉस्मेटिकवाला नको. कमरेपासून घोट्यापर्यंत उभ्याने काढलेला लांब एक्सरे, स्कॅनोग्राम म्हणतात, तो लागेल. व्हिटॅमिन डी तपासून घ्या, आपल्याकडे ऑफिसात बसणाऱ्यांचं बहुतेक कमीच येतं. विचारायचं ते असं: तुम्ही स्वतः अशा किती केसेस केल्या, त्यातल्या किती जणांना ठरवलेलं नसताना परत थिएटरमध्ये न्यावं लागलं, कोणती नेल, किती सेमीवर तुम्ही थांबवता, आणि गुडघा वाकेनासा झाला तर मधेच लांबवणं बंद करायचा निर्णय कोण घेणार. या शेवटच्या प्रश्नाला "तसं होतच नाही" असं उत्तर आलं तर फाइल उचलून घरी या.

तू सोबत जा. आणि जाण्याआधी दोन महिने त्याला सिगारेट पूर्ण बंद करून दाखव म्हणावं, नाहीतरी त्याशिवाय कुणी पुढची तारीख देणार नाही.

मीनल_कराड:
नाही विचारलं त्यांनी. आत्ताच फोन करून विचारलं त्याला. पहिल्या दिवशी ॲडव्हान्सची रक्कम आणि पासपोर्टचा फोटो मागितला, सिगारेटचं, आधीच्या आजारांचं, काहीच नाही. पैसे अजून भरलेले नाहीत, एवढं बरं. शनिवारी मी पुण्याला जातेय. सतीशदादा, त्याला तुमच्याशी बोलायचंय म्हणतोय, चालेल का?

सतीश_बार्शी:
कधीही. रविवारी मी घरीच आहे, व्हिडिओ कॉल करा, बायकोलाही बसवतो, नट तिनेच फिरवलेत.